वाळेपर्यंतचं राष्ट्रगीत

हॉलवाल्यांना जगात कुणालाही ‘नाही’ म्हणता येत असे, फक्त पाहुण्यांना म्हणता येत नसे.

क्रीडा संकुलातल्या व्हॉलीबॉलच्या हॉलचे ते व्यवस्थापक. हॉलची जमीन लाकडी. मेपलच्या चार हजार दोनशे फळ्या आणि त्यांच्यावर वार्निशचे चार थर. या जमिनीचे शत्रू दोन : बूट आणि पाणी. बुटांना त्यांनी दारातच अडवलं होतं. एकदा तर फीत कापायला आलेल्या मोठ्या बाईंना त्यांनी उंच टाचांच्या चपला काढायला लावल्या, आणि वर “पाय पुसून या” असंही सांगितलं. पाण्याच्या बाबतीत ते त्याहून कडक होते. लाकूड पाणी पितं, प्यायलं की फुगतं, फुगलं की फळी शेजारच्या फळीला ढकलते, आणि मग चेंडू मारावा एकीकडे तर उसळतो भलतीकडे. हे ते कुणालाही, न विचारता, सविस्तर सांगत. भाजीवाल्यालाही सांगून झालं होतं.

अशा माणसाला पाहुण्या संघाच्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला. हॉलमधला पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना, तोही महिलांचा, आणि पाहुणा संघ कुठल्याशा लांबच्या बेटांवरचा. बाई वयस्कर वाटल्या. त्यांचं इंग्रजी हॉलवाल्यांच्या इंग्रजीइतकंच, म्हणजे जेमतेम होतं, त्यामुळे दोघांना एकमेकांचं अगदी नीट कळत होतं.

बाई म्हणाल्या, “आमचं राष्ट्रगीत वाजवू नका, ते आम्ही गातो. आम्ही पाहुणे म्हणून जातो तिथली जमीन आधी हातांनी धुतो आणि ती वाळेपर्यंत गातो. वाळली की घरचा माणूस हात लावून तसं सांगतो. मग गाणं थांबतं आणि आम्ही त्या धुतलेल्या जागेवर पाऊल टाकतो. चालेल ना?”

‘नाही’ हा शब्द हॉलवाल्यांच्या जिभेवर आला होता. दातांपर्यंत पोहोचेस्तोवर त्याचं “हो, हो, अवश्य” झालं.

“लगेच पुसून घेतलं तर?” त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

“पुसलं तर काय अर्थ? आपली आपण वाळायला हवी.”

“आणि पंखा?”

“वारा चालतो,” बाई म्हणाल्या. “वाऱ्याला कोण अडवणार?”

संध्याकाळी हे ऐकून बायकोने चहाचा कप खाली ठेवला. ती एका रक्त-लघवी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. मोजल्याशिवाय तिचा कुठल्याही गोष्टीवर विश्वास बसत नसे, नवऱ्याच्या शब्दावर तर नाहीच.

“अहो, स्वयंपाकघरात माझ्या हातून पेलाभर पाणी सांडलं की तुम्ही तासभर तोंड फिरवून बसता. आणि तिथे हो म्हणून मोकळे झालात? फोन करा आणि नाही म्हणून सांगा.”

“कसं सांगू? राष्ट्रगीत आहे गं त्यांचं. आपल्याला कुणी म्हणालं की तुमचं जरा आटपतं घ्या, मधल्या दोन ओळी गाळा, तर?”

“आणि फळ्या?”

हॉलवाले म्हणाले, “त्यांचं गाणंही पुरं झालं पाहिजे आणि माझी फळीही शाबूत राहिली पाहिजे. दोन्ही.”

बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने एका वेळी दोन गोष्टी मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. “पाणी किती?” तिने विचारलं.

हे विचारायचं राहूनच गेलं होतं. पत्र गेलं, उत्तर आलं : ओंजळभर.

आता ओंजळ हे काही शास्त्रीय माप नव्हे. बायकोने प्रयोगशाळेतून मोजपात्र आणलं. तिची ओंजळ भरली एकशे दहा मिलिलिटर, हॉलवाल्यांची एकशे पन्नास. खालच्या इस्त्रीवाल्याला जिन्यात गाठून ओंजळ पुढे करायला लावली, तर एकशे नव्वद. “हातात काही दोष आहे का वहिनी?” असं त्याने घाबरून विचारलं. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या सहा फुटी बाईची ओंजळ दोनशेवीस धरायची असं ठरलं, आणि त्यात दहा टक्के सुरक्षिततेसाठी.

इस्त्रीवाल्याला कळलं, म्हणजे इमारतीला कळलं. वरच्या मजल्यावरचे काका सकाळीच दारात उभे. एका कारखान्यात ते बॉयलर सांभाळून निवृत्त झाले होते आणि जगातले सगळे प्रश्न वाफेने सुटतात असं त्यांचं मत होतं.

“उकळतं पाणी द्या त्यांना,” ते म्हणाले. “निम्मं तर ओतता ओतताच उडून जाईल.”

“काका, त्या हाताने पसरवणार आहेत.”

“हातमोजे द्या.”

समोरच्या वहिनींनी केस वाळवायचं यंत्र आणून दिलं आणि “परत देताना त्याची वायर गुंडाळू नका, तुटते” असं तीनदा बजावलं. तळमजल्यावरच्या कंपाउंडरने आवाज खाली आणून सुचवलं की पाण्याऐवजी स्पिरिट ठेवावं. दिसायला सारखंच, अर्ध्या मिनिटात गायब, पाहुण्यांना पत्ताही लागायचा नाही.

हॉलवाले ताडकन म्हणाले, “फसवू त्यांना? राष्ट्रगीतात?”

“वासाने कळेलच म्हणा,” कंपाउंडर पडेल आवाजात म्हणाला.

खरा सल्ला इस्त्रीवाल्याने दिला, तोही कुणी मागितला नव्हता. “साहेब, उष्णतेने कापड तापतं. वाळतं ते वाऱ्याने. आणि पसरलेलं वाळतं, गोळा केलेलं कुजतं.” एवढं बोलून तो हातातल्या शर्टाच्या कॉलरकडे वळला. हॉलवाल्यांनी हे वहीत लिहून घेतलं.

मग हॉलमध्ये चाचण्या सुरू झाल्या. कोपऱ्यातली, जिथे चेंडू सहसा जात नाही अशी जागा त्यांनी निवडली. पहिल्या दिवशी पाणी ओतायला त्यांनी इतका वेळ लावला की बायकोने मोजपात्र काढून घेतलं आणि स्वतः ओतलं. त्यांनी तोंड फिरवलं. ती म्हणाली, “झालं. बघा आता.” नुसतं ओतून ठेवलं तर दोन तासांनीही थारोळं जिथल्या तिथे होतं, तेव्हा ते पुसून घ्यावं लागलं. हातभर पसरलं तर सत्तेचाळीस मिनिटं. मोठ्या खाटेएवढ्या जागेत, पातळ, तळव्याने सारवल्यासारखं पसरलं आणि चार बाजूंनी चार उभे पंखे लावले, तर चार मिनिटं दहा सेकंद. फळी एक केसभरही वर आली नाही. बायको घड्याळ धरून बसायची, हॉलवाले गुडघ्यांवर बसून पाणी पसरायचे. आठ दिवस संध्याकाळी हा उद्योग चालला. घरी चहाच्या वेळेला त्यांचं बोलणं सहसा मीठ संपलं, गॅस संपला एवढ्यावर आटपायचं. इथे रिकाम्या हॉलमध्ये ओलं लाकूड बघत ती दोघं काय काय बोलायची. एकदा ती म्हणाली, “तुम्ही घरची फरशी अशी कधी पुसली नाहीत.” ते म्हणाले, “घरची फरशी फुगत नाही.” ती म्हणाली, “घरची बायको फुगते.” त्या दिवशी वेळ नोंदवायचा राहिला आणि चाचणी पुन्हा घ्यावी लागली.

फळीचा प्रश्न असा सुटत आला, तोवर कागदाचा उभा राहिला. सामन्याच्या अर्जात ‘पाहुण्या देशाच्या राष्ट्रगीताचा अवधी (सेकंद)’ असा रकाना होता आणि त्यात चौकटी दोनच. म्हणजे जगातल्या कुठल्याही देशाला जास्तीत जास्त नव्व्याण्णव सेकंद देशप्रेम करायची मुभा होती. हॉलवाल्यांना लिहायचं होतं दोनशे पन्नास. कारकून म्हणाला, “तिसरा आकडा बाहेर गेला तर अर्ज बाद.” त्यांनी ‘वाळेपर्यंत’ असं शब्दांत लिहून पाहिलं. कारकुनाने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, “काय वाळेपर्यंत?” हॉलवाल्यांनी पहिल्यापासून सांगितलं, मेपल, वार्निश, ओंजळ. मागे रांगेत सात माणसं होती. शेवटी त्यांनी नव्व्याण्णव लिहिलं आणि शेजारी इतकी बारीक चांदणी काढून तळटीप जोडली की ती वाचायला भिंग लागलं असतं.

दुसरी अडचण व्हॉलीबॉल संघटनेच्या अध्यक्षांची. ‘घरचा माणूस’ म्हणजे आपणच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. “मी वाकेन, हात लावेन, मान हलवेन,” ते म्हणाले. “कॅमेरा कुठल्या बाजूला असेल?” त्यांनी ऑफिसातल्या सतरंजीवर दोनदा वाकूनही दाखवलं. दुसऱ्यांदा त्यांना उठवायला शिपायाला बोलवावं लागलं. अध्यक्ष काही पाहुणे नव्हते, त्यांना ‘नाही’ म्हणता आलं असतं; पण आपण कोण सांगणार, असं हॉलवाल्यांना वाटलं. घरी येऊन मात्र ते बराच वेळ बूट न काढता बसून राहिले.

सामन्याचा दिवस उजाडला. हॉल गच्च भरला, अठराशे माणसं. पाहुणा संघ निळ्या कपड्यांत ओळीने आत आला, सगळ्यांत पुढे त्या व्यवस्थापक बाई. केस पांढरे, पाय अनवाणी. बूट त्यांनी कुणी न सांगता दाराबाहेर काढून ठेवले होते, आणि तेवढ्यावरच हॉलवाले त्यांचे झाले. हॉलच्या मधोमध बारा जणी गुडघ्यांवर बसल्या. कर्णधार बाईने ओंजळ भरून पाणी ओतलं (अंदाज बरोबर होता, सव्वादोनशेच्या आसपास), चोवीस तळवे फिरले आणि गाणं सुरू झालं. सूर हळू, होडी वल्हवल्यासारखा, पुढे जाऊन थोडा मागे येणारा. अठराशे माणसं उभी राहिली.

हॉलवाल्यांनी भिंतीपाशी उभं राहून पंख्यांकडे पाहिलं. पंखे फिरत नव्हते.

ते दबक्या पावलांनी पंख्यांपाशी गेले. चारही पंख्यांच्या पिना उपसलेल्या, आणि त्या जागी सामना टीव्हीवर दाखवणाऱ्या प्रक्षेपणवाल्याच्या दिव्यांच्या पिना.

“पंखे?” त्यांनी कुजबुजत विचारलं.

“काढले,” प्रक्षेपणवाला तितकंच कुजबुजत म्हणाला. “घरघर माइकमध्ये येत होती. राष्ट्रगीत चालू असताना घरघर? शोभतं का?”

माणूस मनापासून आदराने वागला होता, त्यामुळे त्याला शिवीही देता येईना. आणि आता दिवे काढले तर कॅमेऱ्यांना अंधार. हॉलवाल्यांनी भिंतीवरच्या आर्द्रतामापकाकडे पाहिलं. चाचणीच्या दिवसांत काटा पंचेचाळीसवर असायचा. आज तो सत्तरच्या पुढे होता. त्यांना एकदम उमगलं. आठही दिवस त्यांनी चाचणी घेतली होती ती रिकाम्या हॉलमध्ये. अठराशे माणसं तासभर आत बसली होती, श्वास घेत होती, सोडत होती. बायकोने मागे कधीतरी सांगितलं होतं : माणूस तासाला पन्नासेक ग्रॅम पाणी हवेत सोडतो. म्हणजे प्रेक्षकांनी नुसतं जिवंत राहून नव्वद लिटर पाणी हॉलमध्ये ओतलं होतं, आणि आपण एका ओंजळीसाठी झोप घालवली.

नव्व्याण्णव सेकंद कधीच होऊन गेले. चार मिनिटं झाली. गाणं संपून पुन्हा पहिल्या ओळीवर आलं. दिव्यांखाली जमीन आरशासारखी चकाकत होती. वरच्या रांगांत कुजबूज सुरू झाली. कुणीतरी खोकलं, कुणीतरी खोकल्याला खोकून उत्तर दिलं. एक गृहस्थ हळूच बसू लागले तर त्यांच्या बायकोने त्यांना कॉलरला धरून वर ओढलं. प्रक्षेपणवाला हवेत कात्री चालवल्यासारखी बोटं हलवू लागला.

तेव्हा अध्यक्ष पुढे झाले. वाकले, ओल्या जागेच्या बाहेर, जिथे पाण्याचा थेंबही पोहोचला नव्हता अशा फळीला सावकाश हात लावला, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि मान हलवली : वाळलं.

पाहुण्या बायकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे पाहिलं. आणि अतिशय नम्रपणे गात राहिल्या.

वरून एक हसू फुटलं, मग दुसरं. निळ्या ओळीतल्या सगळ्यांत लहान दिसणाऱ्या मुलीचा आवाज कापला. तिला वाटलं असणार, लोक आपल्या गाण्याला हसतायत. हॉलवाल्यांनी ते पाहिलं, आणि पुढचं त्यांनी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही.

फळ्या जिथे सुरू होतात तिथे, कडेच्या फरशीवरच त्यांनी बूट काढले. काखेतली पुठ्ठ्याची फाइल हातात घेतली आणि राष्ट्रगीत चालू असताना कुणीही हलू नये हा नियम मोडून, अठराशे माणसांसमोर, चालत हॉलच्या मधोमध गेले. गुडघ्यांवर बसले आणि फाइलने जमिनीला वारा घालू लागले.

हसू वाढलं. एवढ्या दिव्यांत, मोज्यांवर, ढुंगण कॅमेऱ्याकडे करून जमिनीला वारा घालणारा माणूस कुणीही पाहिला तर हसेलच. हॉलवाल्यांना ते मान्य होतं. कान तापले होते तरी हात थांबला नाही. मग कुणाचे तरी गुडघे त्यांच्या शेजारी टेकले. आपल्याच संघाची कर्णधार, हातात घामाचा टॉवेल.

“काका, पुसू?”

“पुसायचं नाही, बाळ. त्यांच्यात चालत नाही. वारा घाल.”

तिने इकडेतिकडे पाहिलं. खेळाडू बदलताना वर धरतात त्या आकड्यांच्या पाट्या बाकापाशी ठेवलेल्या होत्या. तिने खूण केली. राखीव खेळाडूंनी पंचांकडे पाहिलं, आणि पंचांना नेमकं त्याच वेळी छतावर काहीतरी पाहण्यासारखं सापडलं. पाट्या आल्या. सात, अकरा, चार, नऊ. दोन्ही संघांच्या बायका एका ओल्या चौकोनाभोवती बसल्या. निम्म्या गात होत्या, निम्म्या वारा घालत होत्या. हसू कधी थांबलं ते कळलं नाही. गाणं तिसऱ्यांदा पहिल्या ओळीवर आलं तेव्हा वरच्या रांगांतून कुणीतरी तोंड मिटून तो सूर धरला. शब्द ठाऊक नव्हते, पण एव्हाना वळणं पाठ झाली होती.

चकाकी कडांकडून आत आक्रसत गेली. हाताएवढी राहिली, बशीएवढी राहिली, नाहीशी झाली. व्यवस्थापक बाईंनी गाता गाता हात पुढे केला. अध्यक्षांकडे नाही. हॉलवाल्यांकडे.

सगळा हॉल त्यांच्याकडे पाहत होता. प्रक्षेपणवाल्याने हात जोडले. अध्यक्ष डोळ्यांनी ‘हो म्हणा, हो म्हणा’ असं सांगत होते. अकरा मिनिटं झाली होती. वर कुणीतरी एका पायावरून दुसऱ्या पायावर आलं ते ऐकू आलं.

हॉलवाल्यांनी तळवा टेकवला. कोरडी. मग, सवयीने, करंगळीचं नख त्यांनी दोन फळ्यांच्या फटीतून फिरवलं. ही फट जगात दुसऱ्या कुणाला दिसली नसती. नख वर काढलं तर टोकाला ओल होती.

त्यांनी मान वर केली. पाहुण्यांसमोर जे त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं ते त्यांनी केलं. मान आडवी हलवली. नाही.

क्षणभर कुणालाच कळेना. मग व्यवस्थापक बाईंचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. त्यांनी बारा जणींकडे वळून काहीतरी सांगितलं, हसल्या, आणि चौथ्यांदा पहिली ओळ उचलली, आता मोठ्याने. वर प्रेक्षकांत बायको उभी होती; शेजारच्या अनोळखी बाईंना ती म्हणाली, “फटीत राहतं हो पाणी. ते बरोबर आहेत.”

हॉलवाल्यांनी फटीवर फुंकर घातली. दोनदा, तीनदा. पुन्हा नख फिरवलं, पुन्हा तळवा ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

“वाळलं,” ते आपल्या भाषेत म्हणाले.

गाणं ओळीच्या मध्येच थांबलं. टाळ्या वाजवायच्या की नाहीत हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे हॉल इतका शांत झाला की व्यवस्थापक बाईंनी धुतलेल्या फळीवर टाकलेलं पहिलं पाऊल ऐकू आलं.

आणि लगेच यजमानांचं राष्ट्रगीत सुरू झालं. प्रक्षेपणवाला वेळ भरून काढत होता.

हॉलवाले उठायला गेले आणि उठता येईना. सात-आठ मिनिटं दुमडून बसलेले पाय दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे झाले होते. आपलं राष्ट्रगीत चालू, आणि आपण बसलेले! त्यांना घाम फुटला, आणि तो जमिनीवर पडेल म्हणून आणखी फुटला. तेवढ्यात दोन्ही बगलांत दोन भक्कम हात आले. निळ्या कपड्यांतल्या दोघींनी त्यांना अलगद उचलून उभं केलं, आपल्या ओळीत, आपल्या मधोमध, आणि पडू नयेत म्हणून कोपरं धरून ठेवली. हॉलवाले दोघींच्या खांद्यापर्यंत आले. जिच्या आवाजात कंप आला होता ती मुलगी डाव्या हाताला होती, आणि यजमानांच्या राष्ट्रगीताला उभं राहावं तशी ताठ, समोर बघत उभी होती.

हॉलवालेही ताठ उभे राहिले. छाती पुढे, नजर समोर, बोटं मिटलेली. फक्त उजव्या मोज्यातला अंगठा तेवढा पायाखालच्या दोन फळ्यांमधली फट चाचपत होता. फळी सपाट होती.